सोयाबीनच्या पिशवीवर वाणाचा स्वभावही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृग पंधरा दिवसांवर आला की आमच्या भागातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रासमोर एकच प्रश्न कानावर येतो, ‘यंदा कोणता नंबर चालतोय?’ नंबर म्हणजे सोयाबीनच्या वाणाचा क्रमांक. कुणी सातशे सव्वीस मागतो, कुणी सहाशे बारा, कुणी एकशे बासष्ट, तर कुणी शेजाऱ्याला गेल्या वर्षी जे चांगले पिकले तेच दे म्हणतो. मात्र ते वाण किती दिवसांत येते, कोणत्या रानात मानवते, त्याचा दाणा केवढा आहे आणि पिकल्यावर त्याची शेंग किती दिवस तग धरते, हे विचारणारा माणूस क्वचितच भेटतो आणि विचारले तरी नेमके उत्तर देणारा त्याहून क्वचित. आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात खरिपाच्या बियाण्यावर जे लिहून आले, त्यातही उपलब्धता, टंचाई आणि पिशवीचा दर याच गोष्टी प्रामुख्याने होत्या. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण वाणाच्या गुणधर्मांबद्दल शेतकऱ्याला लेखी आणि मराठीत काहीच मिळत नाही, या उणिवेकडे आपले आणि आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी औसा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी आहे. जमीन नऊ एकर. त्यातली पाच एकर ओढ्याकाठची काळी, भारी. उरलेली चार एकर माळाची, वीतभर मातीखाली मुरूम लागणारी. वडिलांच्या काळात या रानात खरिपाला मूग, उडीद, तूर आणि संकरित ज्वारी असायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सोयाबीन आले आणि बघता बघता त्याने सगळे रान व्यापले.

त्या पहिल्या वर्षांत वाणाची निवड हा प्रश्नच नव्हता. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाचे जे. एस. ३३५ हे वाण १९९४ मध्ये प्रसारित झाले आणि पुढची पंधरा-वीस वर्षे सोयाबीन म्हणजे तीनशे पस्तीस, असेच समीकरण होते. जांभळे फूल, लव नसलेली गुळगुळीत शेंग, शंभर दाण्यांचे वजन दहा ते तेरा ग्रॅम, पंचाण्णव ते शंभर दिवसांत काढणी. दावणीच्या बैलाची खोड जशी घरातल्या पोरांनाही माहीत असते, तसा त्या वाणाचा स्वभाव गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. कधी पेरायचे, पहिली फवारणी कधी घ्यायची, कोणत्या आठवड्यात मजूर सांगून ठेवायचे, हे कुणाला विचारावे लागत नसे. पुढे हे वाण पिवळ्या मोझॅकला, म्हणजे पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या, पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणू रोगाला, बळी पडू लागले, खोडमाशी आणि चक्रीभुंग्याने त्याची झाडे पोखरली आणि उत्पन्न घसरत गेले.

नवी वाणे आली ती याच गरजेतून, आणि त्यांच्यामागे शास्त्रज्ञांचे अनेक वर्षांचे कष्ट आहेत याची मला कृतज्ञ जाणीव आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२ अशी वाणे दिली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील केंद्रातून फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया ही वाणे आली. अकोल्याच्या विद्यापीठाने सुवर्ण सोया आणि पीडीकेव्ही अंबा दिले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एमएसीएस मालिका तर जुनीच आहे, आणि मध्य प्रदेशातून जे. एस. ९३-०५, ९५-६०, ९७-५२, २०-२९, २०-३४ असे क्रमांक येतच राहिले. निवड वाढली ही मोठी गोष्ट आहे. मात्र एका वाणाऐवजी वीस वाणे हाताशी आली, तेव्हा वीस स्वभाव शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्थाही उभी राहायला हवी होती. ती राहिली नाही.

माझ्याच शेतातला अनुभव सांगतो. फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, हे २०१६ मध्ये प्रसारित झालेले वाण. सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी तांबेरा सोयाबीनची पाने जाळून टाकतो. त्या रोगाला तोंड देणारे वाण हवे या निकडीतून कसबे डिग्रजला हे काम झाले. टपोरा दाणा, भरपूर फांद्या, पसरट वाढ आणि साधारण शंभर ते एकशे पाच दिवसांचा कालावधी ही त्याची ओळख. आमच्याकडे त्याची कीर्ती पोचली ती मात्र एकाच वाक्यात, ‘सातशे सव्वीसला उतारा जबर आहे.’ तांबेरा, कृष्णाकाठ, बागायती रान, गादीवाफ्यावरची टोकण, या सगळ्या गोष्टी वाटेत गळून पडल्या.

२०२३ च्या खरिपात मी ते वाण नऊच्या नऊ एकरांत पेरले. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडे ऐन फुलोऱ्यात पावसाने पाठ फिरवली. ओढ्याकाठच्या काळ्या रानाने पोटातली ओल धरून ठेवली आणि पीक तगले; सकाळी पाने ताठ असत, दुपारी किंचित माना टाकत आणि संध्याकाळी पुन्हा सावरत. माळावर तसे झाले नाही. तिथे फांद्या भरपूर फुटल्या होत्या, फुलेही लागली होती, आणि आठ-दहा दिवसांत ती फुले देठापासून सुटून काकरीत पडली. वाकून बघितले तर मातीवर जांभळट कोंडा पसरल्यासारखा दिसे. जी शेंग लागली तिच्यातही दाणे भरायला ओल उरली नव्हती. त्यातच कोरड्या हवेत पांढरी माशी वाढली आणि पिवळा मोझॅक पसरला. काळ्या रानात एकरी नऊ क्विंटल झाले, माळाला साडेतीन. वाण तेच, खत तेच, पेरणी एकाच दिवसाची.

या नुकसानीचा दोष मी वाणाला देत नाही. शंभर दिवसांहून अधिक काळ लागणारे आणि फांद्यांचा पसारा करणारे वाण वीतभर मातीच्या माळावर, पावसाच्या भरवशावर पेरणे ही निवडच चुकीची होती. माळाला नव्वद दिवसांच्या आत येणारे, आटोपशीर बांध्याचे वाण हवे होते. पण हे मला ज्या दिवशी कळायला हवे होते त्या दिवशी, म्हणजे दुकानात पिशवी हातात घेतली तेव्हा, ते सांगणारे तिच्यावर एक अक्षरही नव्हते.

लवकर येणारे वाण म्हणजे सुरक्षित वाण, असेही कुणी समजू नये. पुढच्या वर्षांत मी माळावर जे. एस. ९५-६० घेऊ लागलो. ब्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी दिवसांचे हे वाण. झाड बुटके आणि शेंगेत बऱ्याचदा चार दाणे. हलक्या रानाला ते खरोखर मानवते. पण २०२५ च्या सप्टेंबरात लातूर, धाराशिव, बीड, सोलापूरकडे पावसाने जो कहर केला, तो नेमका हे पीक पिकून उभे असताना. शेतात शिरायला वापसा नाही, मजूर येत नाहीत, आणि वाळलेल्या शेंगा रोज भिजत आहेत. सहाव्या-सातव्या दिवशी मी गुडघाभर चिखलातून जाऊन चार झाडे उपटून आणली, तेव्हा शेंगेच्या शिवणीतून पांढरे कोंब बाहेर आलेले दिसले. उशिराचे वाण त्या वेळी अजून हिरवे होते. पाणी साचले नाही तिथे ते बचावले, आणि साचले तिथे तेही पिवळे पडून गेले. म्हणून आता मी दोन वेगळ्या कालावधींची वाणे घेतो, आणि ज्याचे रान माझ्यासारखे दुभंगलेले आहे त्या प्रत्येकाला तेच सुचवतो. मात्र दोन कालावधींची वाणे निवडायची तर ते कालावधी आधी ठाऊक हवेत.

वाणाचे दिवस ही एकच एक ठरलेली संख्या नसते, हेही नीट समजावून सांगायला हवे. सोयाबीन हे लहान दिवसाचे पीक आहे. दिवस आखडू लागला की ते फुलावर येते. जूनच्या मध्याला पेरलेले झाड वाढीला जेवढा वेळ घेते तेवढा जुलैच्या मध्याला पेरलेल्या झाडाला मिळत नाही. ते लवकर फुलते, उंची कमी राहते, खोडावरची पेरे कमी पडतात आणि पर्यायाने शेंगा कमी लागतात. पाऊस लांबला की आमच्याकडे अनेकजण अगदी कमी दिवसांच्या वाणाकडे वळतात, आणि मग आधीच बुटके असलेले ते झाड टीचभर उरते. उशिराच्या पेरणीत ओळींतले अंतर कमी करून झाडांची संख्या वाढवावी, हा सल्ला कृषी विद्यापीठे देतात. तो पिशवीसोबत का मिळू नये?

कालावधीनंतर शेतकऱ्याला सर्वाधिक रडवणारा गुणधर्म म्हणजे शेंग तडकणे. सोयाबीन पिकले की पाने गळून पडतात आणि शेंगा उघड्या उन्हात वाळतात. सप्टेंबरअखेरच्या दुपारी बांधावर उभे राहिले की शेंगा तडकल्याचा चट्चट् आवाज अक्षरशः ऐकू येतो, आणि दाणे उडून पायाशी पडतात. काही वाणांची शेंग पिकल्यावर आठ-दहा दिवस धीर धरते, काहींची चार दिवसांतच उलते. आज काढणीचे मजूर मिळत नाहीत, गुत्त्याचा दर दरवर्षी चढतो आहे आणि सगळ्या गावाची काढणी एकाच आठवड्यात येते. अशा वेळी या चार-सहा दिवसांच्या फरकावर पोत्यांचा हिशेब ठरतो. जे. एस. ९३-०५ किंवा एमएयूएस ७१ यांसारखी वाणे शेंग न तडकण्याच्या गुणासाठी नावाजलेली आहेत. ज्याच्याकडे घरची माणसे कमी, त्याने एखादा क्विंटल कमी उताऱ्याचे पण शेंग धरून ठेवणारे वाण घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्याशीच जोडलेला आणखी एक गुण आहे, तो म्हणजे जमिनीपासून पहिल्या शेंगेची उंची. आमच्याकडे आता हार्वेस्टर सर्रास येऊ लागले आहेत. शेंगा बुंध्यापासून लागत असतील तर यंत्राचे पाते त्यांच्यावरून निघून जाते आणि खालच्या शेंगा धसकटावर तशाच राहतात. परभणीचे एमएयूएस १६२ हे २०१४ चे वाण याच दृष्टीने निवडलेले आहे. उभट वाढ, न लोळणारे खोड आणि जमिनीपासून उंचावर लागणाऱ्या शेंगा. पण आमच्या शिवारात ते पेरणाऱ्यांपैकी कित्येकजण काढणी हातानेच करतात, आणि हार्वेस्टर लावणारे मात्र बुंध्याला शेंगा धरणारे वाण पेरतात. वाण आणि अवजार यांची अशी ताटातूट केवळ माहितीअभावी होते.

आता दाण्याच्या आकाराकडे येतो. हा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्यातली चूक पेरणीच्या दिवशीच होते आणि नंतर तिला इलाज नसतो. एकरी तीस किलो बियाणे हे माप आमच्याकडे जणू दगडावरची रेघ झाले आहे. ते मूळ शिफारशीला धरूनच आहे. हेक्टरी पंच्याहत्तर किलो, दोन ओळींत पंचेचाळीस सेंटीमीटर आणि दोन झाडांत पाच सेंटीमीटर. या अंतराने एकरात सुमारे १ लाख ८० हजार झाडे बसतात. आता शंभर दाण्यांचे वजन ११ ग्रॅम असेल तर तीस किलोत सुमारे २ लाख ७३ हजार दाणे येतात, आणि उगवण ७० टक्के धरली तर १ लाख ९१ हजार रोपे मिळतात. हिशेब जुळतो. पण दाणा टपोरा असून शंभराचे वजन १३ ग्रॅम भरले, तर त्याच तीस किलोत २ लाख ३१ हजारच दाणे असतात आणि रोपे उगवतात १ लाख ६२ हजारांच्या आसपास. म्हणजे दहा झाडांमागे एक झाड पेरणीच्या दिवशीच कमी झाले. ते भरून काढायला साडेतेहतीस किलोच्या आसपास बियाणे लागेल. उलट त्याच टपोऱ्या बियाण्याची उगवण ८५ टक्के निघाली, तर साडेसत्तावीस किलोत काम भागते आणि अडीच किलो वाचते. पेरणीयंत्राच्या पेटीला किलो कळतात, झाडांची संख्या कळत नाही. ती शेतकऱ्याने काढायची असते. त्यासाठी शंभर दाण्यांचे वजन हा एक आकडा पिशवीवर असला तरी पुरे.

टपोऱ्या दाण्याची आणखी एक नाजूक बाजू आहे. सोयाबीनच्या दाण्याचे साल मुळातच पातळ आणि अंकुर सालीच्या लगेच खाली असतो. मळणीयंत्राचा वेग जास्त असला, पोते उंचावरून आपटले, थप्पी उंच लावली, तर वरून धडधाकट दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. मोठ्या दाण्याला ही इजा अधिक होते. म्हणून बियाण्याची रास करताना मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला तीनशे-चारशेच्या आसपास ठेवावेत, असे सांगितले जाते. बाजारासाठीची आणि बियाण्यासाठीची मळणी एकाच वेगाने करणारे आपल्याकडे बहुसंख्य आहेत, आणि पुढच्या जूनमध्ये दोष मात्र बियाण्यावर जातो.

वाणाची ओळख पटवण्याच्या खुणा हाही गुणधर्मांचाच भाग आहे. यातही मी स्वतः ठेच खाल्ली आहे. काही वर्षांपूर्वी पांढऱ्या फुलाचे, मोझॅकला दाद न देणारे म्हणून एक वाण मी तालुक्याच्या बाजारातून आणले. चाळिसाव्या दिवशी सकाळी डवऱ्याच्या पाळीनंतर रानात फिरलो, तर पांढऱ्या फुलांच्या मध्ये जागोजाग जांभळी फुले. एका ओळीतली सलग शंभर झाडे मोजली. तेवीस जांभळी निघाली. पुढे या तेवीसमधली बहुतेक झाडे आठ दिवस आधी पिकली. ती तडकू नयेत म्हणून काढणी लवकर करावी, तर उरलेल्यांचा दाणा हिरवा; थांबावे, तर ही गळतात. शेवटी रास झाली ती हिरव्या, बारीक आणि भरल्या दाण्यांची मिसळ, आणि बाजारात तिला त्या दिवसाच्या दरापेक्षा कमी बोली लागली. विक्रेत्याकडे गेलो तेव्हा फुलाचा रंग कुठे लिहिला आहे, ते दाखवा, असे मला विचारण्यात आले. लिहिलेला कुठेच नव्हता.

जे. एस. ३३५, ९३-०५ आणि ९५-६० यांचे फूल जांभळे. ९७-५२, २०-२९ आणि २०-३४ यांचे पांढरे. ३३५ ची शेंग गुळगुळीत, ९७-५२ ची लवदार. या खुणा शास्त्रज्ञांच्या नोंदीत पहिल्याच पानावर असतात, बीजोत्पादनाच्या प्लॉटमधली भेसळीची झाडे याच खुणांवरून उपटली जातात आणि बियाणे प्रमाणीकरणाचे अधिकारी शेताची तपासणी यांच्याच आधारे करतात. शेतकऱ्यापर्यंत मात्र यातले काहीच येत नाही. पिशवीच्या टॅगवर असते ते पिकाचे आणि वाणाचे नाव, लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, उगवण किमान ७० टक्के, शुद्धता किमान ९८ टक्के. हे सारे आवश्यक आहे, पण त्यातून बियाणे जिवंत आणि स्वच्छ आहे एवढेच कळते. ते माझ्या रानासाठी योग्य आहे की नाही, हे कळत नाही.

कायद्याने या माहितीची वाट मोकळी करून ठेवली आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. पिकांचे वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क आहे. त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, नोंदणीकृत वाणाचे बियाणे विकताना ते विशिष्ट परिस्थितीत किती उत्पन्न देणे अपेक्षित आहे, हे पैदासकाराने, म्हणजे ते वाण तयार करणाऱ्याने, शेतकऱ्याला सांगितले पाहिजे. आणि त्या परिस्थितीत ते तसे उतरले नाही, तर शेतकरी भरपाई मागू शकतो. या तरतुदीतला ‘विशिष्ट परिस्थितीत’ हा शब्द मला कळीचा वाटतो. परिस्थिती म्हणजे जमीन, पाऊस, पेरणीची वेळ आणि अंतर. ती पिशवीवर लिहिलेलीच नसेल, तर वाण अपेक्षेप्रमाणे उतरले नाही हे शेतकऱ्याने सिद्ध करायचे कशाच्या आधारावर? नुसते ‘एकरी अमुक क्विंटल’ असे रंगीत अक्षरांत छापणे म्हणजे ही अट पाळणे नव्हे.

यंदा हा विषय अधिक तातडीचा आहे. २०१९ च्या ऑक्टोबरातल्या पावसाने काढणीला आलेले सोयाबीन भिजले आणि २०२० च्या जूनमध्ये मराठवाडाभर बियाणे न उगवल्याच्या तक्रारी झाल्या, दुबार पेरणीची वेळ आली, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. गेल्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतरचे बियाणे त्याच वाटेने आलेले आहे. ज्यांनी उन्हाळी बीजोत्पादन घेतले त्यांचे बियाणे बरे असेल, पण घरी राखलेले बियाणे तपासल्याशिवाय कुणीही काकरीत टाकू नये. सोयाबीन हे स्वपरागीभवनाचे, म्हणजे स्वतःच्याच परागावर फळणारे पीक आहे, त्यामुळे वाणाचे गुण पुढच्या पिढीत टिकतात. एकदा खात्रीचे बियाणे घेतले की भेसळ काढत काढत ते दोन-तीन वर्षे बिनधास्त वापरता येते. दरवर्षी नव्या पिशवीची गरज नसते. गरज असते ती उगवणीच्या तपासणीची, आणि ती घरात विनाखर्च होते.

हे लिहीत असताना माझ्या ओसरीवर तशीच एक चाचणी चालू आहे. राशीतून मूठ-मूठ घेऊन, न निवडता शंभर दाणे मोजले. धुतलेले गोणपाट ओले करून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरे ओले गोणपाट घातले, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडले. आज सहाव्या दिवशी उघडले. काळ्या रानातल्या बियाण्याचे शंभरपैकी एकोणऐंशी दाणे सरळ, जाड कोंबाने उगवले. माळावरच्या भिजलेल्या राशीतले त्रेपन्नच, आणि उरलेल्यांतले बरेच बोटांनी दाबताच पिठूळ होऊन फुटले. दुसरी रास मी बियाण्यातून काढून टाकली आहे. पहिल्या राशीतले शंभर दाणे सोनाराच्या काट्यावर तोलून आणले, ते साडेबारा ग्रॅम भरले. त्या हिशेबाने एकरी साडेअठ्ठावीस किलो बियाणे लागेल आणि रानातली थोडी मरतूक धरून मी तीस घेणार आहे.

माझी मागणी मर्यादित आहे. सोयाबीनच्या प्रत्येक पिशवीवर, मग ती निळ्या टॅगची प्रमाणित असो की उत्पादकाच्या स्वतःच्या हमीची, मराठीत आणि वाचता येईल अशा ठळक अक्षरांत पुढील गोष्टी असाव्यात. वाण प्रसारित झाल्याचे वर्ष आणि संस्था, पक्वतेचे दिवस, शंभर दाण्यांचे वजन, फुलाचा रंग आणि शेंगेवर लव आहे की नाही, कोणत्या जमिनीसाठी आणि कोणत्या भागासाठी शिफारस आहे, कोणत्या रोगाला ते तोंड देते, शेंग पिकल्यावर किती दिवस धरते आणि यंत्राने काढता येते की नाही. जागा फार लागत नाही. खताच्या गोणीवर याहून जास्त मजकूर असतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘साथी’ ही बियाण्यांचा माग ठेवणारी प्रणाली सुरू केली आहे आणि तिच्यात क्यूआर कोडची सोय आहे. त्या कोडमागे बियाण्याच्या वंशावळीबरोबर ही माहितीही मराठीत ठेवता येईल. पण ती छापील अक्षरांना पर्याय ठरू नये, कारण पेरणीच्या दिवशी माळावर मोबाइलला रेंज असतेच असे नाही.

तेल आणि प्रथिनांबद्दल मी मुद्दाम फारसे लिहिले नाही. सोयाबीनमध्ये सुमारे चाळीस टक्के प्रथिने आणि अठरा-वीस टक्के तेल असते, आणि वाणावाणांत त्यात थोडा फरक पडतो. पण आमच्या बाजारात दर ठरतो तो ओलावा, माती आणि डागी दाणा यांवर. तेलाच्या टक्क्यावर शेतकऱ्याला जादा पैसे मिळत नाहीत तोवर त्या गुणधर्माचा त्याला उपयोग नाही. ओलाव्याचा मात्र आहे. हमीभावाच्या केंद्रावर बारा टक्क्यांची मर्यादा असते. २०२४ च्या हंगामात ती पंधरापर्यंत सैल करावी लागली, कारण काढणीच्या वेळी पाऊस हटत नव्हता. कोणते वाण पावसाच्या कोणत्या टप्प्यात काढणीला येते, याचा दराशी असा थेट संबंध आहे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर, मृगाच्या आधी, आपल्या विभागासाठी शिफारस असलेल्या दहा-बारा वाणांचा वर सांगितलेल्या गुणधर्मांसह एक तक्ता परभणी, राहुरी आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांकडून घेऊन छापावा. भारी, मध्यम आणि हलक्या जमिनीसाठी वेगवेगळे रकाने असावेत. गेल्या वर्षी एका कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर कुणीतरी वर्तमानपत्रातले फवारणीचे वेळापत्रक कापून चिकटवले होते. पेरणीपासून काढणीपर्यंत लोक त्याच्यासमोर थांबून ते वाचत होते आणि मोबाइलमध्ये फोटो काढून नेत होते. वाणांचा तक्ताही तसाच भिंतीवर लागेल. तो ३१ मेच्या आत आला तर आमच्या गावातली बियाण्याची खरेदी व्हायच्या आधी हाती पडेल.

आपला विश्वासू,
एक कोरडवाहू सोयाबीन उत्पादक,
ता. औसा, जि. लातूर